उभ्या उभ्या सुचलेले : खडी गंमत, कीर्तन आणि ‘क्राउड वर्क’

१

विदर्भातली दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. भाऊबीजेपासून पुढचे काही दिवस नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावांत एकेक करून मंडई भरते. धान घरात आलेले असते किंवा यायच्या बेतात असते, लेकी माहेरी आलेल्या असतात. खेळण्यांची, जिलबीची, भज्यांची दुकाने लागतात आणि गावाच्या ऐपतीप्रमाणे दंडार, नाटक, तमाशा किंवा खडी गंमत होते. कामठीत राहणाऱ्या माणसाला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कन्हान ओलांडली की पुरे. गेल्या मंडईत मी असाच एका गावात खडी गंमत पाहायला गेलो. त्यानंतर दोनच महिन्यांनी नागपुरातल्या एका सभागृहात भाच्याबरोबर एका तरुण विनोदकाराचा कार्यक्रम पाहिला. त्याच्या जाहिरातीत ‘पूर्णपणे क्राउड वर्क’ असे लिहिले होते. म्हणजे आधी काही लिहिलेले नाही, प्रेक्षकांशी बोलता बोलता जे सुचेल तोच कार्यक्रम. हा लेख त्या दोन रात्रींविषयी आहे. उत्स्फूर्त विनोद म्हणजे नेमके काय, तो खरा कधी आणि खोटा कधी, हे ओळखायची काही कसोटी आपल्याकडे आहे का, असा प्रश्न त्या दोन रात्रींनी माझ्यापुढे ठेवला.

खडी गंमत या नावातच तिचा निम्मा इतिहास आहे. खडी म्हणजे उभी. रंगमंच नाही, पडदा नाही, नेपथ्य नाही. गावाच्या चौकात किंवा आखरावर जागा मोकळी करायची, लोकांनी भोवती बसायचे आणि शाहीर, नाच्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, डफवाला, तुणतुण्यावाला, टाळकरी सगळ्यांनी रात्रभर उभ्याने खेळ करायचा. गण, गवळण, लावणी, झगडा, पोवाडा आणि मधूनमधून एखादे कथानक. बऱ्याच ठिकाणी दोन पार्ट्या समोरासमोर असतात. एक कलगीची, एक तुऱ्याची. शक्ती थोर की शिव थोर, यावर सवाल-जवाब झडतात. इंग्रजीतल्या ‘स्टँड-अप’ या शब्दाचा मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी विदर्भाकडे पाहिले असते तर त्यांना तो तयारच मिळाला असता. अर्थात नावातले साम्य म्हणजे नाते नव्हे. नाते असेल तर ते उभे राहून करण्याच्या कामात शोधावे लागेल.

त्या रात्री कथानकात एक राजा होता आणि सोंगाड्या त्याचा नोकर. राजा आजारी, औषध आणायला नोकराला पाठवायचे, असा प्रसंग रंगत आलेला असताना गावचे सरपंच उशिरा आले. पुढच्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून एक तरुण घाईने उठला आणि खुर्ची पुसून त्याने त्यांना दिली. साठीच्या पुढचा, सडपातळ, डोक्याला फाटका रुमाल गुंडाळलेला सोंगाड्या औषधाची गोष्ट तिथेच सोडून त्या तरुणाकडे वळला.

“काहून उठला बे?”

“सरपंच साहेब आले.”

सोंगाड्या राजाकडे वळला. “राजे, उठा जी. सरपंच आले.”

राजा म्हणाला, “अरे, मी तर उभाच आहे.”

“म्हनूनच तं तुमी राजेच राह्यले ना जी. बसाले भेटलं असतं तं सरपंच झाले असते.”

आखर हसून लोटपोट झाला. सरपंचही हसले. सोंगाड्याने मात्र हसू ओसरायची वाट पाहिली नाही, तो औषध आणायला निघूनही गेला. पाऊण तासाने, राजा बरा होऊन नोकराला बक्षीस काय हवे असे विचारतो तेव्हा, धन नको, दागिना नको असे म्हणत म्हणत त्याने फक्त त्या खुर्चीकडे पाहिले. एक शब्दही बोलला नाही. पहिल्यापेक्षा मोठा हशा झाला.

२

नागपूरच्या सभागृहात वातानुकूलन होते, कॅमेरे होते, मोबाईल बंद ठेवण्याची सूचना होती. विनोदकार पंचविशीतला, चुणचुणीत, हिंदी आणि नागपुरी मराठी एकाच वाक्यात सहज मिसळणारा. पहिल्या रांगांतल्या लोकांना तो तीनच प्रश्न विचारत होता. नाव काय, कुठून आलात, काय करता. माझ्या भाच्याची पाळी आली. तो म्हणाला, “कामठी.”

“कामठी? मग व्हिसा काढून आला असशील!”

सभागृह हसले. भाचाही हसला. विनोदाचा रोख कोणाला कळला नाही असे नाही. कामठीत मुसलमान वस्ती मोठी आहे, एवढ्या एका माहितीवर तो उभा होता. ज्या गावात १८२१मध्ये इंग्रजांची छावणी पडली, मद्रासच्या पलटणींबरोबर तमिळ-तेलुगू बोलणारी घरे आली, उत्तरेतून विणकर आले, मुशायरे रुजले, जिथे बाबू हरदास यांनी विडी कामगारांना संघटित केले आणि ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ केले, त्या गावाबद्दल पंचवीस वर्षांच्या शेजाऱ्याला एवढेच सुचावे याचे वाईट वाटले. पण वाईट वाटणे ही समीक्षा नव्हे. समीक्षेचा मुद्दा पुढे आला. वीस मिनिटांनी कोणी तरी मोमिनपुरा म्हणाले. पुन्हा व्हिसा. घरी आल्यावर भाच्याने त्याच विनोदकाराची एक जुनी चित्रफीत दाखवली. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वस्तीचे नाव आल्यावर, तोच व्हिसा, तोच विराम, तीच भुवई.

म्हणजे ज्याला आम्ही उत्स्फूर्त समजून हसलो तो पाठ केलेला विनोद होता. भाच्याचे उत्तर केवळ बटण होते.

एवढ्यावर मी हा लेख लिहिला असता तर तो त्या मुलावर अन्याय ठरला असता. कारण त्याच रात्री त्याच्याच हातून एक अस्सल क्षणही घडला. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी आपण अंगणवाडी सेविका असल्याचे सांगितले. त्याच्या पोतडीत या व्यवसायावर काही नसावे. त्याने वेळ काढण्यासाठी विचारले, “एवढ्या पोरांना गप्प कसं बसवता?”

बाई म्हणाल्या, “त्यांच्या हातात माईक देत नाही.”

सभागृह कोसळले. तो तीन-चार सेकंद गप्प उभा राहिला. मग त्याने माईक शेजारच्या स्टुलावर ठेवला, हाताची घडी घातली, एका हाताचे बोट तोंडावर ठेवले आणि अंगणवाडीतल्या पोरासारखा बाईंकडे पाहत उभा राहिला. चांगला अर्धा मिनिट. लोक टाळ्या वाजवत होते, तो हलत नव्हता. शेवटी बाईंनीच हाताने ‘बोल आता’ अशी खूण केली, तेव्हा त्याने माईक उचलला.

एकाच माणसाचे हे दोन विनोद. पहिल्यात त्याने प्रेक्षकाला हरवले, दुसऱ्यात तो स्वतः हरला. पहिला मी विसरू इच्छितो, दुसरा विसरू शकत नाही. हा फरक केवळ सौजन्याचा आहे की कलेचा? माझ्या मते कलेचा आहे, आणि तो सांगण्यासाठी आपल्याकडे शब्द कमी का पडतात हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

३

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ मध्ये सांगलीला झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’पासून मानतो. त्या नाटकांत पद्ये रचलेली असत, ती सूत्रधार म्हणे. पात्रांची भाषणे मात्र लिहिलेली नसत. कथा सर्वांना ठाऊक, प्रसंग ठरलेला, बोलायचे ते नटाने आपल्या बुद्धीने. विदूषकाला तर पूर्ण मोकळीक. पुढे १८६१मध्ये वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि लिहिलेल्या संवादांचे नाटक प्रतिष्ठित होत गेले. अशा नाटकांना तेव्हाचे लोक ‘बुकिश’ म्हणत. आज हा शब्द वाचताना गंमत वाटते. नाटक पुस्तकातून यावे ही गोष्ट एकेकाळी इतकी नवी होती की तिच्यासाठी वेगळे विशेषण लागत होते. पुढच्या पन्नास वर्षांत बुकिश हेच नाटक झाले आणि न लिहिलेले ते ‘लोकनाट्य’ म्हणून वेगळ्या कप्प्यात गेले. समीक्षाही पुस्तकामागे गेली. संहिता हातात असेल तर तिचे विश्लेषण करता येते. नसेल तर ‘हजरजबाबी’, ‘उत्स्फूर्त’, ‘धमाल’ अशी दोन-चार विशेषणे लावून आपण मोकळे होतो.

तमाशातला सोंगाड्या या कप्प्यातच वाढला. बतावणी ही त्याची खास जागा. वगाचा सांगाडा ठरलेला असे, संवाद रात्रीप्रमाणे बदलत. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी गण-गवळणीला फाटा देऊन किंवा तिचा अर्थ बदलून याच सवाल-जवाबाच्या रीतीने भटशाहीला आणि अस्पृश्यतेला जाब विचारला. १९६५मध्ये वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्याला छापील संहिता होती, पण प्रेक्षक परत परत जात ते दादा कोंडके आज कोणत्या बातमीवर काय बोलतात हे ऐकायला. दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’बद्दलही जुने प्रेक्षक हेच सांगतात. संहिता होती, पण ती दोरीसारखी होती. डोंबारी तिच्यावरून चालत असे, लोक मात्र डोंबाऱ्याला पाहत.

याउलट पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ आणि लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे एकपात्री प्रयोग लेखनावर उभे होते. ते उत्स्फूर्त वाटत, हेच त्यांचे कसब. एक माणूस दोन-तीन तास उभा राहून हसवतो एवढे साम्य सोडले तर त्यांची जात वेगळी. त्यांत प्रेक्षकाने हसायचे होते, बोलायचे नव्हते. आपल्याकडे ‘स्टँड-अप’चे पूर्वज म्हणून सहसा यांचीच नावे घेतली जातात. ती लिहून केलेल्या स्टँड-अपपुरती ठीक आहेत. प्रेक्षकाशी बोलून उभ्या राहणाऱ्या विनोदाचे पूर्वज मात्र दुसरीकडे आहेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा विदर्भाचाच आहे.

४

संत गाडगेबाबांना विनोदकार म्हटल्याने कोणी दचकू नये. १८७६मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या या माणसाने आयुष्यभर जे कीर्तन केले त्याची रचना प्रश्नोत्तरांची होती. बाबा विचारत, समोरचे हजारो लोक उत्तर देत. ते उत्तर धरून बाबा पुढचा प्रश्न विचारत. पाच-सहा उत्तरांनंतर श्रोत्याच्या लक्षात येई की आपण आपल्याच तोंडाने आपल्या नवसाची, कर्जाची, बोकडाच्या बळीची निरर्थकता कबूल करून बसलो आहोत. तेव्हा तो हसे. त्यांच्या अखेरच्या काळातल्या एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळते. त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या जागा ऐकण्यासारख्या आहेत. लोकांनी दबक्या आवाजात उत्तर दिले तर बाबा पुढे जात नाहीत, तोच प्रश्न पुन्हा विचारतात.

इथे एक आक्षेप संभवतो. बाबांचे प्रश्नही ठरलेलेच होते. गावोगावी तेच कीर्तन, तीच उत्तरे. मग नागपूरच्या मुलाचा व्हिसा आणि बाबांचा नवस यांत फरक काय? फरक असा की बाबांना श्रोत्याचे उत्तर खरोखर हवे होते. त्या उत्तराशिवाय युक्तिवाद पुढे सरकत नव्हता, कारण श्रोत्याने स्वतः कबूल करणे हेच त्या कीर्तनाचे काम होते. व्हिसाच्या विनोदाला भाच्याच्या उत्तराची गरज फक्त निमित्तापुरती होती.

वऱ्हाडी बोलीत हा धागा डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी आपल्या परीने पुढे नेला. ‘मिर्झा एक्स्प्रेस’ घेऊन ते विदर्भातल्या गावोगावी उभे राहिले. कविता लिहिलेल्या असत, पण दोन कवितांमधली बोलणी त्या त्या गावची. २०२४च्या नोव्हेंबरात ते गेले. एक मुसलमान माणूस अस्सल वऱ्हाडीत शेतकऱ्याच्या सुखदुःखावर बोलतो आणि चौकातला प्रत्येक जण त्याला आपल्याच घरचा समजतो, हे ज्या प्रदेशाने इतकी वर्षे पाहिले त्या प्रदेशात व्हिसाचा विनोद चालावा, ही गोष्ट मला त्या विनोदकारापेक्षा आम्हा हसणाऱ्यांविषयी अधिक सांगते.

५

उत्स्फूर्त म्हणजे शून्यातून आलेले, अशी आपली भाबडी समजूत आहे. अभ्यास वेगळे सांगतो. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची महाकाव्ये ध्वनिमुद्रित केली. लॉर्ड यांच्या १९६०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा निष्कर्ष असा, की हे गायक पाठ केलेले म्हणत नाहीत आणि शून्यातूनही रचत नाहीत. त्यांच्याजवळ ठरलेल्या शब्दबंधांचा आणि प्रसंगांचा साठा असतो, आणि श्रोता, वेळ, रंग पाहून ते त्यातून गातागाताच रचना करतात. इटलीतल्या ‘कोमेदिया देल्लार्ते’तही तसेच. कथेचा सांगाडा भिंतीमागे टांगलेला, विदूषकांचे ‘लाझी’ म्हणजे हमखास हशा पिकवणारे तुकडे तयार, आणि आज कोणता कुठे बसवायचा हे नटाच्या हाती. आपल्या शाहिराचेही हेच. कलगीवाल्याला तुऱ्याच्या सवालाचे उत्तर त्या क्षणी सुचते, पण पुराणातल्या शेकडो कथा डोक्यात असल्यावाचून सुचत नाही.

तेव्हा ‘आधी ठरलेले होते का?’ ही कसोटीच चुकीची आहे. ठरलेले सगळ्यांकडेच असते. या दोन रात्रींच्या आधारे मला चार प्रश्न अधिक उपयोगी वाटतात.

पहिला प्रश्न : उत्तर बदलले असते तर विनोद बदलला असता का? सरपंच त्या रात्री आलेच नसते, किंवा तो तरुण उठला नसता, तर राजाच्या उभे असण्याला काही अर्थ उरला नसता. भाचा कामठीऐवजी दुसरे नाव सांगता तर व्हिसा मात्र तसाच राहिला असता.

दुसरा प्रश्न : विनोद त्या कलाप्रकारातून उगवतो का? खडी गंमतीत सगळे उभे असतात ही तिची रीत आहे, बहुधा गरिबीतून आलेली. सोंगाड्याने त्या रीतीलाच विनोदात ओढले. राजा उभा आणि सरपंच बसलेला, ही विसंगती इतका वेळ आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्हाला दिसत नव्हती. तसेच बाईंच्या माईकचे. विनोदकाराची सगळी सत्ता माईकमध्ये आहे हे बाईंनी ओळखले आणि त्यानेही ते मान्य करून माईक खाली ठेवला.

तिसरा प्रश्न : कलावंताला आठवण आहे का? उत्स्फूर्ततेची खरी परीक्षा क्षणात नसते, पाऊण तासानंतर असते. खुर्चीकडे टाकलेला तो मुका कटाक्ष पहिल्या विनोदापेक्षा मोठा होता, कारण सोंगाड्याने आम्हा सगळ्यांच्या आठवणीवर भरवसा ठेवला. नागपूरच्या मुलाला इथे जमले नाही. बाईंना तो पुन्हा भेटलाच नाही, पुढच्या रांगेकडे गेला तो गेलाच.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याला मी ‘उद्याची भेट’ म्हणतो. ज्याच्यावर विनोद केला तो माणूस उद्या सकाळी समोर आला तर कलावंताला त्याच्याकडे पाहता येईल का? मंडईतला सोंगाड्या आणि सरपंच एकाच गावचे. उद्या पाण्याच्या टाकीपाशी गाठ पडणार. त्यामुळे विनोदाला टोक असूनही तो माणसाला गावाबाहेर टाकत नाही. सभागृहातला विनोदकार रात्री गाडीत बसून निघून जातो आणि भाचा कामठीतच राहतो. शिवाय तिथे कॅमेरे होते. तो तुकडा उद्या लाखो लोक पाहतील, आणि हसणाऱ्या भाच्याचा चेहरा त्यात कायमचा राहील. त्याला कोणी विचारले नव्हते. तिकिटामागे बारीक अक्षरांत काही लिहिलेले असेलही.

६

गावाकडचे सगळे चांगले आणि शहरातले सगळे वाईट, असा या लेखाचा अर्थ होत असेल तर मी काही गोष्टी लपवल्या असे होईल. त्याच गंमतीत त्याच सोंगाड्याने नाच्यावर केलेले विनोद ऐकवत नव्हते. साडी नेसून नाचणाऱ्या त्या मुलाच्या चालण्यावर, आवाजावर, लग्न न होण्यावर रात्रभर कोट्या चालल्या. गावाला त्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत्या. त्या मुलाने काहीही उत्तर दिले असते तरी विनोद बदलला नसता. माझा पहिला प्रश्न सोंगाड्यालाही लागू आहे, आणि तिथे तो नापास होतो. नाच्याचीही उद्या सोंगाड्याशी भेट आहे, पण ज्याला उलट बोलायची मुभाच नाही त्याच्या बाबतीत उद्याच्या भेटीचा धाक चालत नाही. मागे बसलेल्या बायकांकडे तर सोंगाड्या वळलाही नाही. या बाबतीत शहरातले सभागृह पुढे होते. अंगणवाडीच्या बाई तिसऱ्या रांगेत होत्या, आणि त्या बोलल्या.

उद्याच्या भेटीची दुसरी बाजूही आहे. तिच्यामुळे विनोद माणुसकीने वागतो तसा भितोही. सरपंचाच्या खुर्चीवर बोलणाऱ्या सोंगाड्याने रेतीघाटावर एक शब्द काढला नाही. कन्हानच्या काठच्या गावात रात्रभर विनोद व्हावा आणि रेतीचे नावही निघू नये, ही विसरण्याची गोष्ट नव्हे. परका माणूस कदाचित बोलला असता. परकेपणाचे हे एक मोल आहे, हे मला मान्य करावे लागते. म्हणून माझा चौथा प्रश्न म्हणजे नियम नव्हे. जो दुबळा आहे त्याच्याबद्दल बोलताना उद्याची भेट आठवावी, जो बलवान आहे त्याच्याबद्दल बोलताना ती विसरता यावी, एवढेच म्हणता येईल. आणि हे जमणे अवघडच असते.

७

न लिहिलेल्या विनोदाला आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ती कागदाची. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, तिथे नाटकाची संहिता सादर करावी लागते. त्यामागच्या विचाराची मुळे इंग्रजांच्या १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्यापर्यंत जातात. पण जे उद्या रात्री सुचणार आहे ते आज सादर कसे करणार? उत्स्फूर्त विनोद आधी तपासता येत नाही, म्हणून त्याचा हिशोब नंतर होतो, आणि पुष्कळदा रस्त्यावर होतो. २०२५च्या फेब्रुवारीत सोलापुरात एका तरुण विनोदकाराने कार्यक्रमानंतर आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. मार्चमध्ये मुंबईत खार इथल्या एका स्टुडिओची मोडतोड झाली, कारण तिथे चित्रित झालेला विनोद काहींना रुचला नव्हता. मला व्हिसाचा विनोद रुचला नाही. त्याला उत्तर म्हणून मी हा लेख लिहितो आहे. एवढेच उत्तर असले पाहिजे.

कागदाची दुसरी अडचण मला त्या सोंगाड्यानेच दाखवली. गंमत पहाटे संपली. शेकोटीपाशी चहा घेताना कोणी तरी त्याला सांगितले की हे पेपरात लिहितात. तो जवळ येऊन उभा राहिला. चाळीस वर्षांवर गंमत केली, म्हणाला. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करायचा आहे. त्याला पुरावे जोडावे लागतात. पत्रिका, प्रमाणपत्र, कात्रण, काही तरी. त्याच्याजवळ दोन जुन्या पत्रिका होत्या. त्यांवर शाहिराचे नाव होते, ह्याचे नव्हते. सोंगाड्याचे नाव कोण छापतो?

“तुमी लिवून द्या ना जी. पाह्यलं म्हनून.”

त्या क्षणी समीक्षकाचे काम काय असते ते मला फार साध्या रीतीने कळले. लिहिलेल्या नाटकाचा समीक्षक नसला तरी नाटक उरते. न लिहिलेल्या विनोदाचे पाहणाऱ्याशिवाय काहीच उरत नाही. तिथे समीक्षक हा आधी साक्षीदार असतो, मग न्यायाधीश.

मी वहीचे पान काढून तिथेच लिहायला बसलो. इतकी वर्षे खडी गंमतीत सोंगाड्याचे काम करतात, अमुक दिवशी मी स्वतः त्यांचा प्रयोग पाहिला. एवढ्याने माझे समाधान होईना. केवढा मोठा कलावंत आहे हे त्या कागदावरून कळावे म्हणून मी राजा, सरपंच आणि खुर्चीचा प्रसंग सविस्तर लिहिला आणि त्याला वाचून दाखवला. तो लक्ष देऊन ऐकत होता. खुर्ची आली तेव्हा त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

“तेवढं खुर्चीचं खोडा जी.”

मी विचारले, का?

“रहिवासी दाखला त्यायच्याकडूनच घ्याचा हाये.”

मी ते खोडले. म्हणून इथे लिहिले.